उंबरा काढलेलं न्हाणीघर

फरश्या बसवणाऱ्या त्या मिस्त्रीला सगळे सपाटी तपासायच्या नळीवरून ‘पाणसळ’ म्हणत, कारण त्याच्या फरशीवर ठेवलेली गोटी तीस वर्षांत कधी जागची हलली नव्हती.

म्हाताऱ्या आईला ठेच लागू नये म्हणून त्याने घरच्या न्हाणीघराचा उंबरा काढला आणि आतबाहेर सलग फरशी घातली.

“अहो, पाणी जायच्या जाळीकडे जरा उतार द्या,” बायको म्हणाली.

“वाकडी फरशी? आणि माझ्या घरात?” तो कडाडला. बायकोचं ऐकलं तर तो मिस्त्री कसला! त्याने सगळ्यांसमोर गोटी ठेवली. ती ढिम्म हलली नाही.

मग पहिल्या आंघोळीचा मान त्याने स्वतःच घेतला. चार तांबे ओतले असतील-नसतील, तोच बाहेरून आईची हाक आली, “गोटी असेल रे बाबा तिथेच. पाणी तेवढं माझ्या खाटेखाली आलंय.”