अर्ध्या भरलेल्या बॉबिनी

माझी पाठ सावरली ती शेजारच्या मशीनवरच्या अण्णांनी. सातवीत शाळा सोडून मी बार्शीहून बंगळूरला आलो आणि मल्लेश्वरमच्या एका शिंप्याच्या दुकानात विजारी शिवायला लागलो. पाठ सतत ठणकायची, पण सारखं उठलं तर मालक काढून टाकतील, या भीतीनं मी जागचा हलत नसे. उठायला नको म्हणून भर उन्हाळ्यात पाणीसुद्धा पीत नसे.

अण्णांची कंबर मी यायच्या कितीतरी आधीपासून दुखते, पण ते कधी कण्हत नाहीत. मशीनमधली दोऱ्याची बॉबिन संपली की उठतात, मडक्यातलं पाणी पितात, गार भिंतीला पाठ टेकवून कन्नडात दहा आकडे मोजतात आणि नवी बॉबिन घेऊन बसतात. सगळ्यांच्या बॉबिनी सकाळी तेच भरून मडक्याजवळ ठेवतात.

त्या वैशाखात माझ्या बॉबिनी भराभर संपायला लागल्या. बघतो तर अर्ध्याच भरलेल्या! मला वाटलं, हे माझं काम घालवायला बसलेत.

"अण्णा, माझ्यावर राग आहे का?"

"राग कसला रे? दोरा संपल्याशिवाय तू उठतोस कुठं? स्वल्प ऊठ, स्वल्प पाणी पी. पाठ काय मालकाची आहे?"

दोनच दिवसांत मालक ओरडले, "हा सारखा का उठतो?"

अण्णांनी मशीन थांबवलं नाही. "त्याच्या बॉबिनी मीच कमी भरतो. बोलायचं तर मला बोला, सरी? ठीक आहे ना?"

मालक गल्ल्यावर जाऊन बसले. माझं काम टिकलं, पाठही टिकली. अण्णांना बसणं झेपेनासं होईल, तेव्हा त्यांच्या वाटणीच्या विजारी मी शिवीन, त्यांनी नको म्हटलं तरी.