नायिकेची मैत्रीण

वरठीत आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या बाई दुपारी टीव्हीवर जुने काळे-पांढरे पिक्चर बघायच्या, पण नायिकेकडे त्यांचं लक्षच नसायचं. तिची मैत्रीण आली, की खुर्ची पुढे ओढायच्या. "आली पाहा!" पिक्चर दरवेळी वेगळा, मैत्रीण मात्र तीच नटी. तिचं नाव बाईंनाही ठाऊक नव्हतं.

"जिंदगीभर दुसरीच्या केसात गजरा माळला इनं," त्या म्हणायच्या. अर्ध्यावर ती नटी दिसेनाशी झाली, की "झालं तिचं काम" म्हणून टीव्ही बंद. मी चिडायचो.

"बाई, शेवट तं पाहू द्या!"

"कायले? शेवटाले सारेच असतात, इचाच पत्ता नसते."

माझ्या मुलीच्या लग्नात तिचा अंबाडा बाईंनीच घातला, गजराही त्यांनीच माळला. फोटोसाठी सगळे स्टेजवर जमले, तेव्हा त्या मांडवाबाहेर चपला घालत होत्या.

"फोटोले चला ना, बाई."

"मले कायले?" त्या हसल्या. "झालं ना माझं काम."

तो फोटो आमच्या भिंतीवर आहे. सगळे समोर बघतायत. मुलीचा अंबाडा त्यात दिसत नाही.