ग्रहणातला जप

“डोळे मिटा रे गाढवांनो, ग्रहण लागलं!” आमचे मांत्रिक बाबा ओरडले, तसे आम्ही चौघे शिष्य आंबिवलीच्या नदीत कमरेएवढ्या पाण्यात जपाला उभे राहिलो. ग्रहण सुटेपर्यंत डोळे मिटून जपला, तरच मंत्र सिद्ध होतो. पाणी इतकं गार, की मासेसुद्धा काठावर येऊन कुडकुडत बसलेले! बाहेर आल्यावर बाबांनी विंचू उतरवायचा अधिकार दिला तो आठच दिवसांपूर्वी ठाकुर्लीहून आलेल्या नवशिक्याला. सहा वर्षं धुनीची राख मी उपसलेली! पोटात असा जाळ उठला, की अंगावरचं ओलं धोतर जागीच वाळलं. “बाबा, ह्याने एकदाही ओठ हलवले नाहीत, मी पहिल्यापासून बघत होतो!” बाबा पंचा पिळत म्हणाले, “मग तुझा जप कोण करत होतं?”