पालक बॅचमधलं माझं भाषण

मला आजवर एकाच व्यक्तीने मारलं आहे आणि ती तिसरीत शिकते. माझीच मुलगी, सई.

सई पिंप्राळ्यात घराजवळच्या हॉलमध्ये कराटे शिकते. (शिकते ती, दमतो मी, ने-आण माझ्याकडे आहे.) सोमवार-बुधवार-शुक्रवार संध्याकाळी पाच ते सहा पांढरे बेल्ट, सहा ते सात पिवळे. मंगळवार-गुरुवार-शनिवार मोठी मुलं. सईला पिवळा बेल्ट मिळाला आणि माझं गणित कोलमडलं. सवयीने मी तिला पाचला सोडायचो आणि सहाला आणायला जायचो, तेव्हा तिचा क्लास नुकता सुरू व्हायचा! एकदा तर मंगळवारीच नेऊन सोडलं. मिशा फुटलेल्या पोरांच्या रांगेत ती तासभर उभी होती.

दोष अर्थातच वेळापत्रकाचा होता. त्यामुळे क्लासच्या ग्रुपवर 'रविवारी सकाळी सात वाजता पालक बॅच, उपस्थिती आवश्यक' असा मेसेज आला, तेव्हा मी खूश झालो. 'पालक' वाचलं, पुढचं 'बॅच' डोक्यात शिरलंच नाही. मीटिंग! तिथे मी वेळापत्रकावर भाषण ठोकायचं ठरवलं.

"अहो, ट्रॅक पँट घाला," बायको म्हणाली.

"सभेला? ट्रॅक पँट?" मी कडक इस्त्रीची पँट चढवली. (लग्नातली. चढली, हेच विशेष.)

माझी आई, म्हणजे आमची अक्का, भडगावहून आली होती. सईबरोबर तीही निघाली. "मन्हा पोऱ्या भाषण करस, मी ऐकाले येसू!"

हॉलवर सर पांढऱ्या पोशाखात, कमरेवर हात ठेवून उभे. मी घसा खाकरला. "आदरणीय सर आणि पालकबंधूंनो..."

"आधी नमस्कार, मग वॉर्म-अप!" सर गरजले. "पळा!"

सगळे पळाले. आधी छोटा कार्यक्रम असेल, अशा समजुतीने मीही पळालो. हॉलला चौथी फेरी मारताना भाषणाचा पहिला मुद्दा विसरलो, पाचवीत दुसरा.

मग बेल्टप्रमाणे रांगा. पिवळी मुलं पुढे, पांढरी मागे आणि ज्यांच्याकडे बेल्टच नाही असे आम्ही पालक सगळ्यांच्या मागे, मी तर पंख्याच्या बटणांपाशी.

"भाऊ, तू मांगे काबर उभा?" अक्का खुर्चीवरून ओरडली. "भाषण कव्हय शे?"

"अक्का, थांब ना!"

"किक!" सर म्हणाले. "गुडघा वर, पाय सरळ, आवाज मोठा!"

मी पाय उचलला. आवाज मोठाच आला, पण तोंडातून नाही. लग्नातली पँट मागून उसवली होती! मी शर्ट बाहेर काढून खाली ओढला आणि भिंतीला पाठ लावली. शेजारचे गृहस्थ हळूच म्हणाले, "म्हणून आम्ही ट्रॅक पँट घालतो."

"आता जोड्या! पालक आणि पाल्य समोरासमोर!"

मला भिंत सोडावी लागली. सई समोर आली. तिने वाकून नमस्कार केला. लेक किती संस्कारी, या विचाराने माझे डोळे भरून येतात न येतात तोच पोटात गुद्दा बसला. "हाऽऽ!"

"अगं, हळू!"

"पप्पा, ब्लॉक करायचा असतो!" दुसरा गुद्दा.

तेवढ्यात अक्का पदर खोचून मॅटवर! "काय वं, बापले मारस? मन्हा पोऱ्या शे तो!"

"आजी, हे कुमिते आहे, सरावाची लढाई!" सई म्हणाली.

"कुमिते राहो नाही तं फुमिते!" अक्का आम्हा दोघांच्या मध्ये उभी राहिली. एक पाय पुढे, गुडघे वाकलेले, डावा हात चेहऱ्यासमोर, उजवी मूठ कमरेपाशी. सईने सवयीने गुद्दा मारला. अक्काने तो डाव्या हाताने असा उडवला, की सई गिरकी घेऊन मॅटवर बसली आणि खदाखदा हसायला लागली.

सर पुढे आले. आता अक्काला बाहेर काढणार, या भीतीने मी शर्ट सांभाळत हात जोडले. पण सर मुलांकडे वळले. "बघा! याला म्हणतात ब्लॉक! आजी, कुठे शिकलात?"

"म्हशीना धारा काढाले बसो ना, मंग बठ्ठं येस," अक्का म्हणाली. (म्हणजे म्हशींच्या लाथा अडवता अडवता सगळं येतं.) टाळ्या वाजल्या. त्या थांबल्यावर सरांनी मला बाजूला घेतलं. भाषणाला बोलावताहेत असं वाटून मी केस नीट केले.

"आजींना दर रविवारी पाठवा," ते म्हणाले. "तुम्हाला मात्र ही बॅच जड जाईल. तुम्ही सोमवारपासून पाचला या."

सोमवारी पाचला मी ट्रॅक पँट घालून पांढऱ्या बेल्टच्या शेवटच्या रांगेत उभा राहिलो. शेजारी उभ्या असलेल्या बालवाडीतल्या मुलीने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि माझं बोट धरलं.

"काका, रडू नका हं. तुमची मम्मी सहा वाजता येईल."