भावजींचा आवाज
घरीच बाळंत झालेल्या सुनेचं रक्त थांबेना, तेव्हा मी रक्ताळल्या हातानं कळस गावच्या एसटीडी बूथवरून बारामतीच्या दवाखान्यात गाडी मागितली. तिथं कॉम्प्युटरवर कामाला असलेला माझा धाकटा दीर म्हणाला, "निरोप पोचला, काळजी करू नका." "भावजी, सून हाय आपली, पळा," मी म्हटलं. तो शांतपणे पुन्हा तेच म्हणाला. घरच्या माणसानं शब्द दिला, म्हणून शेजाऱ्यानं दारात आणलेली जीप मी परत पाठवली. दुपार टळली, गाडी आली नाही. संध्याकाळी दीर आला. तयार प्रोग्रॅम जोडून त्यानं दवाखान्याच्या फोनला उत्तर देणारं मशीन बनवलं होतं. निरोप त्यात नुसता पडून होता. "वहिनी, ते मशीन बोलत हुतं." "मग त्याला तुमचा आवाज कशाला दिला?" सून गेली. तिची मुलगी जगली, आज ती माझ्याजवळच राहते.