बिनगटाचा फुतिंग

आमच्या फुतिंगला तैपेईची मोठी शिष्यवृत्ती मिळाली. कशासाठी, तर आदिवासींच्या ज्ञानावर डॉक्टर होण्यासाठी! अहाहा! ज्याला राळ्याचं कणीस आणि गवताचा तुरा वेगळा ओळखता येत नाही, तो म्हणे आमचं ज्ञान जपणार. माझा सख्खा धाकटा भाऊ आहे, म्हणूनच एवढं तोंड सोडते.

लहानपणीच त्याला शिकायला शहरात धाडलं. इकडे त्याच्या बरोबरीची पोरं गावातल्या पुरुषांच्या सामाईक घरात भरती झाली, म्हाताऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या, लाकडं वाहिली आणि त्यांच्या वयाच्या गटाला नाव मिळालं. आम्हा अमीस आदिवासींत पुरुषाला ते नाव जन्मभर पुरतं. नाचात कुठे उभं राहायचं, कुणाच्या आधी जेवायचं नाही, सगळं त्यावरून ठरतं. फुतिंगला गटच नाही. पस्तिशीचा बाप्या, चष्मा, दाढी, आणि गावच्या नाचात पाय ठेवायला जागा नाही.

आणि पठ्ठ्याने विषय कोणता घ्यावा? गटांची गाणी! जी वरच्या गटाकडून खालच्या गटालाच मिळतात. आल्या आल्या रेकॉर्डर घेऊन तो ओफाद मामांकडे गेला. मामा म्हणजे आईचे भाऊ, सगळ्या म्हाताऱ्यांचे म्होरके. आम्ही त्यांना फाकी म्हणतो. मी तिथेच अंगणात मासे साफ करत होते.

"फाकी, मी आपला संशोधक म्हणून कोपऱ्यात बसेन."

"कोपरा कुठल्या गटाचा?"

"तसं नाही हो, मला फक्त ऐकायचंय."

"ऐकायचं असेल तर ये पोरांबरोबर. यंदा भरती आहे. पुढच्या भरतीला मी असेन असं काही सांगत नाही."

झालं! साहेब माझ्यावर येऊन भडकले. "ताई, मिसरूड न फुटलेल्या पोरांबरोबर पाणी भरू मी?"

"मग? पाणी भरलंस तर पदवी भिजते का रे तुझी?"

पण गेला हो मेला! सुगीच्या सणात डोक्याला लाल फडकं बांधून धावला, लाकडं वाहिली, सगळ्यांच्या मागून जेवला. त्याचे लहानपणचे दोस्त आता वरच्या गटात, ते मुद्दाम ओरडायचे, "ए पोऱ्या, इकडे ओत!" हा निमूट जाऊन दारू ओतायचा. एका संध्याकाळी तो त्या पोरांत बसून खदाखदा हसताना दिसला आणि माझं काळीज सुपाएवढं झालं. म्हटलं, आलं बाई आमचं पोर घरी.

शेवटच्या दिवशी बाहेरच्यांना येऊ देतात. शिष्यवृत्ती देणाऱ्यांतला एक प्राध्यापक आला, गळ्यात कॅमेरा, तोंडावर कौतुक. तेव्हा फुतिंग मामांसमोर उकिडवा बसला होता. त्याने ओतलेली दारू मामांच्या हातातल्या पेल्यात होती. म्हातारा पेला रिकामा करेपर्यंत ओतणाऱ्याने उठायचं नाही, बोलायचं नाही. एवढं तर तो आता शिकला होता.

"अरे फुतिंग!" प्राध्यापक हसला. "तुम्ही इथे वाढप्याचं काम करता होय?"

माझा भाऊ कानापर्यंत लाल झाला. ताडकन उठला. मामांचा पेला अजून भरलेला. आणि अस्खलित चिनीत म्हणतो कसा, "छे छे, सर! हा अभ्यासाचा भाग आहे. मी यांच्यातला नाही, फक्त निरीक्षण करतोय."

गाढवाला वाटलं, आम्हाला चिनी कळत नाही! घराघरात टीव्ही बोलतो ती भाषा. त्याच्या मागे दारूचा घडा धरून उभी असलेली पोरं तर शाळाच त्या भाषेत शिकतात. सगळी एकमेकांकडे बघायला लागली. माझ्या अंगाची लाही लाही झाली. तिथल्या तिथे कानाखाली वाजवावीशी वाटली.

मामांनी सावकाश पेला संपवला. रागावले नाहीत, तेच वाईट. पोरांना म्हणाले, "पाहुण्यांना खुर्च्या द्या. दोन."

दोन खुर्च्या आल्या. प्राध्यापक खुशीत बसला. फुतिंगने डोक्याचं फडकं सोडलं, हातात चुरगाळलं आणि शेजारी बसला. पाहुण्यांना आधी द्यायची रीत आहे. ज्याच्याबरोबर त्याने सणभर लाकडं वाहिली, तोच पोरगा त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी पेला पुढे केला.

"घ्या, सर," म्हणाला. थट्टेने नाही, अगदी अदबीने.

फुतिंगने माझ्याकडे बघितलं. मी काय डोंबल करणार? तो पिईपर्यंत पोरगा मान खाली घालून बसून राहिला.