सरळ रेषेत चालण्याचा सराव

मुलीच्या मेंदूतली गाठ काढून वर्ष होत आलं, तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी अधूनमधूनची तपासणी मोबाईलवर सुरू केली. ब्राह्मणपुरीहून मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास, त्यात पोरीला गाडी लागायची. त्यामुळे मला हायसं वाटलं. धाकधूक एकच, गाठ परत तर येत नाहीये ना.

तपासणीच्या दिवशी आमच्या अंगणात जत्रा भरायची. जाऊबाई, शेजारीण, केळीच्या बागेतून आलेले चुलत सासरे, सगळ्यांना मोबाईलमधले डॉक्टर बघायचे असत. त्या दिवशी मी सगळ्यांना पिटाळलं. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, पिटाळण्याची माझी काय बिशाद! त्या डोक्यावर पदर घेऊन खाटेवर बसल्या.

डॉक्टरांनी सांगितलं तसं मुलीने नाकाला बोट लावलं. पावलापुढे पाऊल ठेवत फरशीच्या रेघेवरून चालून दाखवलं. पाय कुठेही वाकडा पडला नाही. डॉक्टर छान म्हणाले. मला वाटलं झालं, पण आत्याबाईंना राहवेना. त्या मोबाईलपुढे वाकल्या.

"रोज सराव करी ऱ्हायनूत आम्ही. पहिले पडी जाये, आते दखा कशी चालस."

मी दिवसभर शहाद्याला नोकरीवर असते. पोर पडतेय हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांनी आवाज न चढवता तिला पाण्याने भरलेला पेला घेऊन चालायला सांगितलं. याचा सराव झालेला नव्हता. ती लगेच डावीकडे कलली, पाणी सांडलं, मी धावत जाऊन तिला धरलं. उशीर न करता मुंबईला या, असं डॉक्टर म्हणाले.

फोन बंद झाल्यावर मी आत्याबाईंना नको नको ते बोलले. त्यांनी एवढंच सांगितलं की पोरीनेच गळ घातली होती, कोणाला सांगू नको म्हणून. तिला पुन्हा दवाखाना नको होता. आत्ता कुठे वेणीत यायला लागलेले केस पुन्हा काढायचे नव्हते.

गाठ परत आली नव्हती. डोक्यात पाणी साचत होतं, शस्त्रक्रिया करून त्याला वाट काढून दिली. एका बाजूचे केस गेलेच. आत्याबाईंनी ती फुशारकी मारली नसती तर काय झालं असतं, या विचाराने दवाखान्यातल्या बाकावर मला रडू फुटलं.

पुढच्या तपासणीला आत्याबाई लांब, तोंडाला कुलूप लावून बसल्या. कशी आहेस, असं डॉक्टरांनी विचारलं. बरी आहे, मुलगी म्हणाली आणि आजीकडे बघत राहिली. आजी काहीच बोलेना, तेव्हा तिने माझ्या हातातून मोबाईल घेतला.

"डॉक्टर, काल मी पडले. मम्मीला पण माहीत नाही."